मशीनचा चौथा पाय

जमीन हलली की माणसं घराबाहेर पळतात, हे कुणाला शिकवावं लागत नाही. तुषार मात्र पहिल्या मोठ्या धक्क्याला पळाला नाही. धुंदलवाडीच्या एका घरात मोरीजवळ गुडघे टेकून तो वॉशिंग मशीनच्या पायाचा स्क्रू फिरवत होता आणि मशीन एकाएकी थरथरायला लागली. फळीवरची भांडी वाजली, कुत्री भुंकली, घरातली माणसं जेवणावरून उठून अंगणात धावली, आणि हा शहाणा दोन्ही हातांनी मशीनला मिठी मारून ओरडत होता, "बटण बंद करा! अहो, बटण बंद करा!" बटण बंदच होतं. धक्का थांबल्यावर त्यानं स्क्रू आणखी अर्धा आटा आवळला, "झाली शांत," असं स्वतःशीच म्हणाला आणि कपाळ पुसत बाहेर आला, तर सगळा पाडा त्याच्याकडे डोळे फाडून बघत होता.

ही २०१८ च्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या दिवसांत डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची रांग लागली होती आणि लोकांना हसायला फारसं काही उरलं नव्हतं, त्यामुळे भूकंपाला पाना लावणाऱ्या तुषारची गोष्ट चहाच्या टपऱ्यांवर भरपूर चालली. तोही हसायचा. पुढच्या मार्चपर्यंत मात्र त्याचं हसू पार आटलं होतं.

तुषार डहाणू रोडला एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिनियर होता. इंजिनियर हा शब्द कंपनीचा. आयटीआय करून आलेल्या पोरांना कंपनी इंजिनियर म्हणते, कारण तसं म्हटल्यानं पगार वाढवावा लागत नाही. पण त्याच्या बापाला तो शब्द फार आवडायचा. नरपडच्या चिकूच्या वाड्यांत आयुष्यभर झाडावर चढलेला माणूस. पोराच्या छातीवर कंपनीचं नाव शिवलेलं बघून सरावली गावभर सांगत सुटायचा. तुषारची बायको चंद्रिका तो शर्ट रोज स्वतः इस्त्री करायची. मुलगी येत्या जूनमध्ये शाळेत जाणार होती, आणि बाबा काय करतात असं कुणी विचारलं तर इंजिनियर म्हणायचं, हे आजोबांनी तिच्याकडून आत्तापासूनच घोकून घेतलं होतं.

२०१४ साली तो लागला तेव्हा सेंटरमध्ये पाच जण होते. मोटर उघडायचे, सुटलेल्या तारांना डाग द्यायचे, जळलेला भाग शोधून तेवढाच बदलायचे, आणि दुपारी एका टेबलावर डबे उघडायचे. मग वरून फर्मान आलं की दुरुस्त काही करायचं नाही, सगळा भागच नवीन टाकायचा. तो खोक्यातून यायचा आणि खोकं उघडायला पाच माणसं कशाला लागतात? एक जण चारोटी-तलासरी इको गाडी चालवायला लागला. दुसऱ्यानं स्टेशनबाहेर वडापावची गाडी टाकली. तिसरा, ज्याच्यासारखा फ्रिजचा गॅस भरणारा अख्ख्या तालुक्यात नव्हता, तो वापीला एका कारखान्याच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहीत बसला. उरले दोघे, सुनिल आणि तुषार.

आणि आता दोघंही जास्त झाले होते. मालक कीर्तीभाईंनी एका सकाळी दोघांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं, स्वतःच्या हातानं चहा दिला, तेव्हाच तुषारनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय. कीर्तीभाई चहा देणारा माणूस नव्हे.

"बघा भाई, माझ्या हातात काय नाय," कीर्तीभाई म्हणाले. "एप्रिलपासून डहाणू आणि तलासरी मिळून एकच माणूस. कंपनी बोलते, ज्याचे रिपीट कमी तो राहील. तुमचे दोघांचे सारखेच चालले आहेत. महिनाअखेरपर्यंत ज्याच्या नावावर एक जरी रिपीट चढला..." पुढचं त्यांनी कपातल्या चहाला सांगितलं.

रिपीट म्हणजे दुरुस्त केलेल्या वस्तूची महिन्याभरात पुन्हा आलेली तक्रार. ती कुणामुळे आली हे कंपनी विचारत नाही. ज्यानं शेवटचा हात लावला त्याच्या नावावर चढते. एरवी हा नियम तुषारला जड गेला नसता. त्याचा हात चांगला होता. पण जमीनच थाऱ्यावर नसेल तर चांगल्या हातानं काय करावं? आज सरळ करून आलेली मशीन उद्या तिरकी व्हायची. फ्रिजची दारं आपोआप उघडायची. लोक फोन करायचे की मशीन बंद असताना चालते, आणि मुंबईत कंपनीचे फोन घेणारी पोरगी ते जसंच्या तसं टिपून घ्यायची. मोबाइलवरच्या अॅपमध्ये बिघाडाचं कारण निवडावं लागे. उंदरानं वायर कुरतडली, हे कारण होतं. पाणी खारट, हे होतं. जमीन हलली, हे नव्हतं.

त्यात निर्मलामावशीची मशीन.

तलासरी तालुक्यात कवाड्याच्या बाजूला एका पाड्यावर तिचं घर. ती अंगणवाडीत मदतनीस. मुलगा लक्ष्या वापीला कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी घरी येणारा. सून शितल पोटुशी राहिली तेव्हा लक्ष्यानं हप्त्यानं मशीन घेतली होती, म्हणजे बायकोला ओढ्यावर धुणं न्यायला नको. फेब्रुवारीच्या शेवटी मशीन चालताना सरकते म्हणून तक्रार आली, तुषार जाऊन सरळ करून आला. महिना भरायच्या आत पुन्हा तीच तक्रार. हे रिपीट केबिनमधल्या बोलण्याआधीच चढलेलं होतं; सुनिलच्याही नावावर तसंच एक होतं, म्हणून दोघे बरोबरीत. आता याच मशीननं आणखी एकदा तोंड उघडलं की तुषार घरी. केबिनमधून निघताना कीर्तीभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "कवाड्याची ती मशीन एवढी नीट बसव की परत फोन नाय आला पाहिजे. काय पण कर."

काय पण कर, हे शब्द त्याच्या डोक्यात डहाणू ते तलासरी गाडीच्या आवाजासारखे चालू राहिले.

पाड्यावर पोचला तेव्हा दुपार रणरणत होती. घरात कुणी नव्हतं. दोन महिन्यांपासून निर्मलामावशीचं बिऱ्हाड समोरच्या नांगरलेल्या शेतात ताडपत्रीच्या मांडवाखाली होतं. चूल तिथं, अंथरुणं तिथं, मडकी तिथं. शितल खाटेवर बसली होती आणि तिच्या मांडीवर कापडात गुंडाळलेलं एवढंसं बाळ होतं. ते खोकलं की त्याचं सगळं अंग उडायचं.

"ये रे तुषार," मावशी म्हणाली. "उन्हातून आलास, आधी पाणी पी. आमच्याकडे नातू झाला."

"अरे वा. कधी?"

"आज पाचवी हाय त्याची. आणि बघ कुठं बसवलाय त्याला. दिवसा ही ताडपत्री भट्टीसारखी, पहाटे दव टपकतो. जन्मल्यापासून खोकतोय पोर."

"तहसीलची माणसं आली होती ना घर बघायला?"

"आली, बघून गेली. सांगतात, शक्यतो बाहेर झोपा. शक्यतो म्हंजे काय रे? दोन महिने झोपलो शक्यतो. आता लेकराला किती दिवस शक्यतो झोपवू?"

तुषार हसला नाही. पिशवी उचलून तो घरात गेला. मावशी उंबऱ्याशी उभी राहिली, आत आली नाही. दोन महिन्यांत ती घरात फक्त काहीतरी आणायला शिरायची आणि श्वास धरून बाहेर पडायची.

मशीन मागच्या कोपऱ्यात भिंतीलगत उभी होती. त्यानं वर लेव्हल ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. तो आडवा होऊन खाली बघायला लागला आणि त्याला जरा चमत्कारिक वाटलं. मागच्या कोपऱ्यातला चौथा पाय. फेब्रुवारीत त्यानं हाच पाय उंच केला होता. आज त्याचा स्क्रू आणखी फिरवायला गेला तर आटेच संपले. मशीनचे तीन पाय जिथल्या तिथं, आणि हाच एक खाली-खाली चालला होता. पाय खाली जात नाही हे त्यालाही कळत होतं. पायाखालचं जातं.

त्यानं मशीन पुढं ओढली. कोपऱ्यात सिमेंटचा कोबा भिंतीपासून सुटला होता. फट बारीक दिसत होती, पण त्यानं स्क्रू-ड्रायव्हर आत घातला तर तो मुठीपर्यंत गेला आणि टोकाला काहीच लागलं नाही. फटीच्या रेषेत भिंतीवरही एक भेग वर चढली होती, आणि पाठीमागच्या खोलीत, त्याच भिंतीला टेकून, मावशीनं बाळंतिणीसाठी दुसरी खाट मांडून ठेवलेली त्याला दारातून दिसली. वर धुतलेली गोधडी होती.

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला.

आता काय करायचं? जागा अयोग्य म्हणून अॅपमध्ये लिहिता आलं असतं. पण तसं लिहिलं की काम अपुरं राहतं, आणि अपुरं काम पुन्हा रिपीटमध्येच जातं. कंपनीच्या शहाणपणाला तोड नाही. आणि त्याला तरी घराचं काय कळत होतं? तो मशीनवाला. भेगा तर सगळ्याच घरांना पडल्या होत्या. तहसीलची माणसं बघून गेली होती, त्यांना दिसलं असेलच. असं बरंच काही त्यानं स्वतःला भराभर सांगितलं आणि हात मात्र कामाला लागले. अंगणातल्या सरपणातून त्यानं सागाचा एक तुकडा आणला, घासून बेताचा केला आणि चौथ्या पायाखाली ठोकून बसवला. बुडबुडा मधोमध आला. मग त्यानं मशीनमध्ये कपडे टाकून ती सुरू केली आणि झाकणावर पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला.

ही त्याची नेहमीची पद्धत. बोलून गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही, ग्लासानं होतं. मशीन पिळायला लागली, ड्रम गरगरला, घुमण्याचा आवाज वाढत गेला आणि ग्लासातलं पाणी जरासं शहारून तिथंच राहिलं. एक थेंब सांडला नाही. मावशी दारातून टक लावून बघत होती. बघता बघता तिनं उंबरा ओलांडला, मग आणखी दोन पावलं, आणि ती मशीनपाशी येऊन ग्लासाच्या इतकी जवळ वाकली की तिचा श्वास पाण्यावर पडला.

"नाय सांडला," ती म्हणाली.

"नाही सांडला."

तिनं मोबाइलवर आलेला कोड वाचून दाखवला. काम झाल्यावर गिऱ्हाइकानं तो कोड दिला की तक्रार बंद होते. तुषारनं आकडे टाकले, हिरवी खूण आली. नोकरी राहिली, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं.

मावशीनं दोन्ही हात मशीनवर ठेवले होते. "मागं इथं उभा राहिला की पायाला कळायचा, काहीतरी तिरपा हाय. आता कसा सरळ झाला. म्हंजे घर पण सरळ हाय ना रे आता? संध्याकाळी पाचवी पुजते आणि बाळंतिणीला आत घेते."

तुषार पिशवीची चेन लावत होता. ती नीटच लागली होती, तरी त्यानं पुन्हा उघडून लावली.

"मशीन सरळ आहे, मावशी," तो म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं. तेवढ्यावर तो निघाला.

हायवेला लागेपर्यंत त्याला बरं वाटत होतं. चंद्रिकाला फोन करावा असं मनात आलं आणि का कोण जाणे, केला नाही. पुढं ट्रक होते, वर ऊन होतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती धुतलेली गोधडी यायला लागली. त्यानं डोकं झटकलं. घर पडायचं असतं तर आत्तापर्यंत पडलं असतं. इतके धक्के खाऊन उभं आहे. उद्याही उभं राहील. रोज थोडेच मोठे धक्के येतात? पण रोजच तर येत होते. काल सकाळीही आला होता. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला होता आणि टोकाला काही लागलं नव्हतं, हे त्याच्या तळहाताला अजून आठवत होतं.

धुंदलवाडीच्या नाक्यावर तो चहाला थांबला. टपरीवाल्यानं ओळखलं. "काय, आज कुठं आवळून आलात भूकंप?" आजूबाजूचे दोघे हसले. तुषारनं ग्लास तोंडाला लावला आणि तेवढ्यात सुनिलचा फोन आला.

"क्लोज झाली ना रे कवाड्याची?"

"झाली."

"कीर्तीभाई पण खूश झाले. मला आत्ताच बोलावून सांगितलं. माझं चारोटीचं एक परत आलं आज. तुझं पण आलं असतं तर दोघांना काढून बाहेरचा माणूस घेणार होते. बरं झालं, तुझं तरी झालं. माझं बघू, भाऊ बोलवतोय दमणला, त्याच्या दुकानात."

"सुनिल, तिथली जमीन बसतेय रे. कोपऱ्यातून."

"कुठली?"

"कवाड्याची. मी लाकूड लावून आलोय."

पलीकडे सुनिलनं उठून दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सगळ्यांनीच लावलीत रे लाकडं. घरी जा."

तुषारला घरी जायचंच होतं. त्यानं मावशीला फोन लावला, एवढं केलं की झालं म्हणून. मागं बायकांचा आवाज येत होता. पाचवीसाठी शेजारणी जमल्या असाव्यात.

"मावशी, ऐका. आज आत झोपू नका. त्या मागच्या भिंतीचा मला भरवसा वाटत नाही."

"आता कशाला घाबरवतोस रे? तुझ्यासमोर तर ग्लास ठेवला, पाणी हाललासुद्धा नाय. सगळ्या बायांना आणून दाखवला मी मशीन चालवून. कुणाकडे एवढी सरळ नाय."

"मावशी, ग्लास..."

"माणसं काय, सतरा सांगतात. कुणी सांगतो मोठा येणार, कुणी सांगतो संपला. मी आता माझ्या डोळ्यांचा ऐकते." आणि कुणीतरी सूप मागितलं म्हणून तिनं फोन ठेवला.

तुषार टपरीच्या बाकावर बसून राहिला. चहावर साय धरली. त्याला राग आला. मावशीचा, तहसीलच्या माणसांचा, कीर्तीभाईंचा, आणि सगळ्यांत जास्त त्या ग्लासाचा. पाच वर्षं त्यानं लोकांना हेच शिकवलं होतं, की माझ्या बोलण्यावर जाऊ नका, पाण्याकडे बघा. आता ती बाई पाण्याकडे बघत होती. शब्दांनी हे निस्तरणार नाही हे त्याला कळलं, आणि कशानं निस्तरेल हेही लगेच कळलं. जूनमध्ये शाळेत जाणारी पोरगी आठवली. इस्त्री करणारी चंद्रिका आठवली. बापाला काय सांगायचं? त्यानं गाडीला किक मारली तेव्हाही आपण कुठल्या दिशेला वळणार हे त्यानं ठरवलेलं नव्हतं. गाडी तलासरीकडे वळली.

ऊन उतरलं होतं. पाड्यावर पोचला तर घराचं दार सताड उघडं, अंगणात सडा, आणि आत बायकांची लगबग. पाठीमागच्या खोलीत भेगेच्या भिंतीला टेकूनच शितल खाटेवर बसली होती. कितीतरी दिवसांनी पाठीला टेकायला भिंत मिळाली म्हणून तिनं डोळे मिटून घेतले होते. बाळ तिच्या कुशीत गाढ झोपलं होतं. खाली सुपात धान्य आणि हळदकुंकू मांडलं होतं.

"आलास? बरा केलास, जेवूनच जा," मावशी म्हणाली.

तुषारनं चपला काढल्या नाहीत. तो सरळ कोपऱ्यात गेला, मशीन खांद्यानं थोडी उचलली आणि पायानं सागाचा तुकडा उडवून लावला. मशीन त्या बाजूला खचकन कलली. त्यानं मोरीवरची ओली गोधडी आत कोंबली, पिळायचं बटण दाबलं आणि झाकणावर ग्लास ठेवला, काठोकाठ भरून.

"काय करतोस रे?"

"बघा तुम्ही."

ड्रम फिरायला लागला. आधी ग्लासातलं पाणी काठावरून सांडलं, मग ग्लास सरकला, मग पडून फुटला. मशीन दणादण आदळायला लागली. चौथा पाय कोब्यावर आपटे आणि प्रत्येक दणक्याला सुटलेला कोबा खाली पोकळ वाजे. मडक्यावर मारल्यासारखा आवाज. भेगेतून वाळू गळायला लागली. सुपातलं धान्य थरथरत एका बाजूला गोळा झालं. एक बाई किंचाळली, आणि मग दोन महिन्यांची सवय कामाला आली. सगळ्या बायका दाराकडे धावल्या. मावशीनं बाळ छातीशी घेतलं, शितलला दंडाला धरून ओढलं आणि श्वास घ्यायच्या आत सगळ्या शेतात होत्या.

आत तुषार एकटा राहिला. त्यानं बटण बंद करण्यासाठी हात पुढं केला, तेवढ्यात मशीनच्या पोटात काहीतरी खाडकन तुटलं. ज्या दांड्यांवर ड्रम टांगलेला असतो त्यातला एक गेला होता. ड्रम एका कुशीवर पडला. तो भाग नवीन टाकल्याशिवाय ही मशीन आता चालणार नव्हती, आणि वॉरंटीतला भाग नवीन तक्रार नोंदवल्याशिवाय सुटत नाही. मशीन शांत झाली तरी भेगेतून वाळू गळतच होती. तो क्षणभर ते बघत उभा राहिला, आणि मग तोही पळाला.

बाहेर मावशीनं बाळाला पदरात गुंडाळून घेतलं होतं. "धक्का होता का रे?"

"नाही. मशीन होती. मी तिच्या पायाखाली लाकूड ठोकून गेलो होतो, तेच काढलं आता. तुमच्या कोपऱ्याखाली पोकळ झालंय, मावशी. दुपारीच दिसलं होतं मला. मी बोललो नाही."

"का नाय बोललास?"

मावशीनं त्याच्याकडे बघितलं, घराकडे बघितलं, कुशीतल्या बाळाकडे बघितलं, आणि एकदम खाली बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते भीतीचं होतं की घराचं, हे तिलाही सांगता आलं नसतं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि शेजारणींना म्हणाली, "सूप आणा बाहेर. पाचवी मांडवात पुजू. तिला काय, वाट सापडेल इथली."

एका धीट बाईनं श्वास धरून आत पळत जाऊन सूप उचलून आणलं. मांडवात पुन्हा मांडामांड सुरू झाली. मावशीनं लक्ष्याला फोन लावून सगळं सांगितलं, आणि लक्ष्यानं पहिली गोष्ट विचारली ती हप्त्याच्या मशीनची. तिला काही झालं का? तुटली? मग कंपनीला आत्ताच्या आत्ता फोन कर, म्हणाला. नाहीतर ते म्हणतील आम्हीच तोडली.

मावशी तुषारकडे वळली. "करू का रे तक्रार? मशीन तर मोडली. तुला काय होणार तर नाय ना?"

अजून वेळ होता. उद्या करा म्हणता आलं असतं, मी बघतो म्हणता आलं असतं. चार दिवस थांबा, महिना सरू दे, म्हणता आलं असतं. पण चार दिवस कुणी थांबलं नसतं. उद्या सकाळी वापीहून उतरल्या उतरल्या लक्ष्यानं स्वतःच फोन केला असता. आणि मशीन मांडवात आणून बसवावी म्हटलं तर नांगरलेल्या ढेकळांवर साधा तांब्यासुद्धा नीट उभा राहत नव्हता.

"काही होत नाही," तुषार म्हणाला. "आणा, मीच लावून देतो."

त्यानं कंपनीचा नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला आणि तिच्या हातात दिला. पलीकडच्या पोरीनं हिंदीत विचारलं, काय तक्रार आहे.

"मशीन हिलती. आणि तूट गया अंदर से."

"मॅडम, आज ही हमारे इंजिनियर आए थे ना?"

"हां, आया था. अच्छा पोरगा हाय. लय चांगला हाय," मावशी फोन तोंडाजवळ धरून मोठ्यानं म्हणाली. "उसको दस में दस लिखो."

"मॅडम, उनके जाने के बाद मशीन फिर से हिल रही है?"

"हां, पण उसका..."

"हां या ना, मॅडम?"

मावशीनं तुषारकडे बघितलं. त्यानं मान हलवली.

"हां," ती म्हणाली.

शितलनं बाळाला पदराखाली घेतलं होतं. कुणीतरी सुपापाशी दिवा लावला. तुषार मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, आणि त्याच्या छातीवर, कंपनीचं नाव शिवलेल्या खिशात, फोन थरथरला. त्यानं काढून बघितलं. कवाडा, वॉशिंग मशीन, पुन्हा तक्रार. खाली त्याचं नाव.

"कुणाचा रे?" मावशीनं विचारलं.

"कंपनीचा. नवीन काम आलंय."

"बघ," मावशी पहिल्यांदाच जरा हसून म्हणाली, "आमच्यामुळं तुला एक काम तरी मिळाला."